राणी मागितली की रामा यायचा

"आमसुली आणि वांगी यातला फरक सांगा."

जळगावात पिंप्राळ्याला खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नॉनव्हेज खाता का, घरी कोण कोण येणार, लग्नाचं काय, या प्रश्नांची उत्तरं मी रिक्षात घोकत आले होते. हा प्रश्न त्यात नव्हता. मी आपलं सुचलं ते सांगितलं, "आमसुलीत तपकिरी झाक असते. वांगीत निळी."

त्यांनी मान मागे वळवून आत हाक मारली, "अगं, चहा टाक. ताई राहताहेत आपल्याकडे."

भाड्याचं, पाण्याचं बोलणं नंतर त्यांच्या बायकोने, भाभींनी केलं. त्यांना रंगापलीकडचं काही विचारायचं नव्हतं.

त्यांना सगळं जळगाव 'भाऊ' म्हणायचं, म्हणून मीही भाऊच म्हणू लागले. आजोबा राजस्थानातून आलेले, बाजारात साड्यांचं दुकान तेव्हापासूनचं. भाऊ साठीच्या आसपासचे, काटकुळे, पांढरा झब्बा-लेंगा, चष्मा नेहमी कपाळावर. दुकानात लख्ख दिवे होते, पण दिव्याखाली साडी पसंत करायला त्यांची बंदी. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी भाऊ त्याला बाहेरच्या पायरीवर नेणार, पदर उन्हात धरणार आणि म्हणणार, "आता बघा. आत होता तो दिव्याचा रंग. हा साडीचा." काही बायका पायरीवर जाऊन विचार बदलायच्या आणि साडी न घेताच घरी जायच्या. भाऊंना त्याचं काहीच वाटत नसे. उलट जेवताना कौतुकाने सांगत, "आज एका बाईला नजर आहे बघा. पायरीवर नेली आणि साडी परत केली!"

मी डाळ मिलमधल्या कलर सॉर्टरची दुरुस्ती करायचे. डाळीचे दाणे वरून घसरत येतात, कॅमेरा त्यांचा रंग बघतो आणि काळपट दाणा दिसला की हवेचा फटका मारून बाजूला उडवतो, असं ते मशीन. भाऊंना हे कळलं तेव्हा ते माझ्याकडे ज्या आदराने बघू लागले तसं माझ्याकडे आजवर कुणी बघितलेलं नाही. "म्हणजे तुमचं पोटच रंगावर आहे!" ते म्हणाले. "आपण एकाच धंद्यातले."

पहिल्या रविवारी सकाळी खालून धडाधड आवाज यायला लागले. कुणीतरी लाकडावर मुठी आपटतंय असं वाटत होतं. मध्येच भाऊंचा आवाज, गिऱ्हाइकाशी बोलायचा तोच गोड आवाज, "हे बघा. आवडलं नाही? मग हे बघा. अजून दाखवू?" रविवारी सकाळी घरात गिऱ्हाईक कुठून आलं म्हणून मी जिना उतरून डोकावले.

दिवाणखान्यात पांढरीशुभ्र गादी अंथरलेली. भाऊ लोडाला टेकून मांडी घालून बसलेले. समोर भला मोठा टीव्ही आणि टीव्हीत दोन गडी एकमेकांना बुकलून काढताहेत. भाऊंच्या मांडीवर, दोन्हीकडे पाय टेकवून, एक चौरंग बसवलेला होता, आणि चौरंगाच्या फळीवर डावीकडे एक दांडी, उजवीकडे आठ गोल बटणं. भाऊ दांडी गरागरा फिरवत बटणांवर हात मारत होते. शेजारी फोन स्पीकरवर ठेवलेला, त्यातून कुणीतरी खो खो हसत होतं.

"हे घ्या! हे नवीन आलंय!" भाऊंच्या पैलवानाने समोरच्याला डोक्यावर उचललं.

मग पैलवानाने त्याला आपटायचं सोडून खाली ठेवलं आणि तो स्वतःच मार खाऊन आडवा झाला.

फोनमधून आवाज आला, "काय भो! बठ्ठा बटन पेटना का नही?"

"पेटले रे सगळे," भाऊ वैतागून म्हणाले, "पण चुकीचे पेटले!" फोन बंद करून त्यांनी मला दारात बघितलं आणि एखाद्या आजारी माणसाच्या घरी डॉक्टर अचानक टपकावा तसे ते उठून उभे राहिले. "ताई, या. बरं झालं. याचे रंग बिघडलेत."

फोनवरचे होते धुळ्याचे नाना. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा व्यापार, घरची शेती, आणि बोलणं पक्कं अहिराणी. दोघं धुळ्याला कॉलेजात बरोबर होते. तेव्हा स्टँडजवळ एक व्हिडिओ गेमचं दुकान उघडलं होतं. कपाटाएवढ्या मशीनसमोर उभं राहून दांडी फिरवायची आणि बटणं बडवायची. दोघांनी अभ्यास सोडून तेच केलं. पुढे दुकान गेलं, लग्नं झाली, पोरं मोठी होऊन पुण्या-मुंबईला गेली, आणि एके दिवशी नानांना समजलं की असाच खेळ आता घरबसल्या इंटरनेटवर खेळता येतो. तेव्हापासून दर रविवारी सकाळी धुळे विरुद्ध जळगाव. आणि वर्षातून एकदा समोरासमोर, नानांच्या गोदामात.

कीबोर्डवर खेळायला भाऊंनी साफ नकार दिला होता. "मी काय टायपिंगच्या परीक्षेला बसलोय?" त्यांनी सुताराकडून नवा कोरा चौरंग करून घेतला, त्याला भोकं पाडून घेतली. चौरंगच का, तर मांडी मोडावी लागत नाही. बटणं प्रकाशाची हवीत, कारण भाऊंना 'पंच' आणि 'किक' लक्षात राहत नसत. त्यांनी आठ बटणांना आठ साड्यांचे रंग ठरवले होते. राणी, पोपटी, हळदी, डाळिंबी, रामा, मोरपिशी, चिंतामणी, जांभळा. पैलवानाचा मोठा डाव त्यांच्या तोंडी असा, "दांडी पूर्ण फिरवा, मग राणी, राणी, चिंतामणी." खेळताना ते बटणांकडे बघत आणि हात रंगावर जाई. रंग बिघडला की डाव बिघडला.

मी चौरंग उलटा केला आणि हादरले. रिक्षांना दिव्यांच्या माळा लावणाऱ्या कुणाकडून तरी त्यांनी वायरिंग करून घेतलं होतं. सगळ्या वायरी एकाच काळ्या रंगाच्या, जोडाला चिकटपट्टी, आणि मधोमध एक गाठ.

"सगळं काढावं लागेल," मी म्हणाले.

"काढा!" भाऊ म्हणाले, आणि स्वतःच स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले.

त्या महिन्याइतका आनंद मला जळगावात पुन्हा झाला नाही. मिलमधून आले की मी थेट खाली. भाभींनी गादीवर जुनं प्लास्टिक अंथरून दिलं, कारण गादीवर सोल्डरचा डाग पडला तर त्या आम्हा दोघांना घराबाहेर काढणार होत्या. मी नव्या एलईडी मागवल्या. प्रत्येक बटणाखाली एक छोटी गोल चकती, तिच्यात लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे, आणि तिन्हींचं प्रमाण बदललं की हवा तो रंग. भाऊ हे ऐकून उठून येरझाऱ्या घालायला लागले. "म्हणजे कुठलाही? अगदी कुठलाही? कैरीसुद्धा?"

मी पहिली चकती जोडली, लॅपटॉपवर राणीचं प्रमाण टाकलं. भरपूर लाल, हिरवा शून्य, थोडा निळा. बटण लागलं.

भाऊ वाकले. सरळ झाले. "ताई, हा रामा आहे."

खरंच, समोर हिरवट निळा रंग लखलखत होता. मी पोपटी टाकला तर केशरी आला. डाळिंबी टाकला तर गर्द हिरवा. मी डोक्याला हात लावला, पण भाऊ गादीवर बसून हसत सुटले. "राणी मागितली की रामा येतो! आमच्या दुकानातला जुना नोकर असाच होता!" मग माझ्या लक्षात आलं. चकतीला आधी हिरव्याचा आकडा हवा होता आणि नंतर लालचा. मी उलट पाठवत होते. एक ओळ बदलली आणि राणी आली. अशी राणी की भाऊंनी भाभींना स्वयंपाकघरातून हाताला पीठ असताना ओढत आणलं.

"बघ. लग्नातली तुझी."

भाभी म्हणाल्या, "ती राणी नव्हती, गुलबक्षी होती," आणि परत पोळ्या लाटायला गेल्या. त्या संध्याकाळी आम्ही गुलबक्षीचंही प्रमाण शोधलं.

मग आठही चकत्या जोडल्या तर पहिल्या तीनच लागल्या. पुढच्या पाच मुक्या. मी भाऊंना समजावून सांगितलं की रंगाचा निरोप एकीकडून दुसरीकडे जातो. पहिली चकती आपल्यापुरता ऐकते आणि उरलेला पुढे ढकलते. "कळलं," भाऊ म्हणाले. "दिवाळीत गोदामातून गठ्ठे उतरवतो तसं. माणसं रांगेत उभी. मधला फोनवर बोलायला लागला की पुढच्यांच्या हातात काहीच येत नाही. तिसऱ्याला पकडा." तिसऱ्या चकतीचा पुढे जाणारा टाका खरंच सुटलेला होता.

टाके तपासायचा मीटर त्यांना फार आवडला. दोन टोकं लावायची, जोड पक्का असेल तर मीटर टी करून वाजतो. भाऊंनी तो मीटर घरभर फिरवला. भाभींच्या बांगड्या, स्टीलचे डबे, खिडकीचे गज, देव्हाऱ्यातली घंटा. "वाजलं! वाजलं!" अशी आरोळी प्रत्येक वेळी. भाभींच्या गळ्यातल्या मोत्यांच्या माळेला लावला तेव्हा तो वाजला नाही, तर भाऊ गंभीरपणे म्हणाले, "हिच्यात फॉल्ट आहे."

रविवारी नानांशी सामना झाला. मी खास सोय केली होती. राणी, राणी, चिंतामणी ओळीने दाबलं, म्हणजे मोठा डाव लागला, की सगळी बटणं पांढरीशुभ्र लखलखणार. भाऊंचा पैलवान जोरात होता. नानांचा गडी कोपऱ्यात सापडला. भाऊ ओरडले, "पॅक करून देऊ?" आणि राणी, राणी, चिंतामणीवर हात मारला. सगळा चौरंग विजेसारखा चमकला आणि विझला. दांडी मेली, बटणं मेली, पैलवान हात लोंबकळत उभा. नानांनी त्याला सावकाश, मजा घेत घेत झोडपला.

"आते रडानं नही, हां!" फोन म्हणाला.

सगळे दिवे एकदम पूर्ण पेटले की टीव्हीला जोडलेल्या त्या एका बारीक वायरमधून मिळणारी वीज पुरत नव्हती आणि चौरंगाखालचा सर्किट बोर्ड बेशुद्ध पडत होता. मी दिव्यांना वेगळा चार्जर दिला. घाईत दोन्हीकडची ग्राउंडची वायर एकमेकींना जोडायची विसरले, तर आठही बटणं पिसाळल्यासारखी हवे ते रंग फेकायला लागली. भाऊ त्या गोंधळासमोर टाळ्या वाजवत बसले. "राहू द्या ना असंच पाच मिनिटं!" राहू दिलं. मग ती वायर जोडली आणि सगळं शिस्तीत आलं. आठ बटणं, आठ रंग, पांढरा झटका मारला तरी बोर्ड शुद्धीवर. मी चौरंग सुलटा ठेवला आणि दोन्ही हात झटकले.

भाऊ वाकून बघत होते. बराच वेळ बघत होते.

"बाकी एक नंबर. चिंतामणी चुकलाय."

चिंतामणी म्हणजे निळ्याच्या घराण्यातला, जरासा जांभळ्याकडे झुकणारा. मी निळा वाढवला. "अजून मळकट आहे." अजून वाढवला. "ताई, हा राखेत लोळलाय. आणि आता नीट बघतो तर हा जांभळाही तपकिरी दिसतोय." मी ती चकती काढून नवी घातली. वायर बदलली. चार्जर बदलला. भाऊ माझ्यावर चिडत नव्हते, उलट समजूत काढत होते. "होतं असं. मागच्याने पण निळाच चुकवला होता. त्याच्या आधीच्यानेही." पांढरा लावला तर म्हणाले, "हा पांढरा नाही. हळदीच्या पाण्यात बुडवलाय."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी मिलमधून मशीनचा एक सुटा कॅमेरा आणि पांढरी फरशी आणली. कलर सॉर्टरला पांढरा म्हणजे काय हे शिकवायला ती वापरतात. तिच्यावर बटणाचा उजेड पाडला, त्या कॅमेऱ्याने मोजला. पांढरा अगदी पांढरा होता. निळा तर मी इतका चढवला होता की मोजणी माथ्याला टेकली होती. वायर बरोबर, चकती बरोबर, आकडे बरोबर. मी भाऊंसमोर बसून डोकं खाजवत होते तेवढ्यात भाभी चहा घेऊन आल्या आणि दारातच त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

"केवढा निळा केलाय हा! डोळ्यांत घुसतो."

भाऊंनी त्यांच्याकडे बघितलं, मग बटणाकडे. "घुसतो? कुठे घुसतो?"

भाभींनी ट्रे खाली ठेवला. त्या तशाच आत गेल्या, आणि मला आतून हाक मारली.

"ताई, तो तुमचा बल्ब चांगला आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मला दोन वर्षांपासून माहीत आहे. दुकानात निळ्या साड्या मी खिडकीकडच्या कप्प्यात ठेवते, काळ्या जिन्याकडे. कुणी हलवल्या की रात्री परत लावते. ते जागेवरून ओळखतात. पायरीवर गिऱ्हाइकाला घेऊन जातात ना, तिथे आता तेच गिऱ्हाइकाला विचारतात, तुम्हीच सांगा ताई कुठला वाटतो. लोकांना वाटतं, काय नम्र माणूस आहे."

"मग डॉक्टर?"

"मी विषय काढला की दुकानात निघून जातात. आता तुम्ही आहात म्हणून धीर झाला."

त्या कपाटातून दोन फॉल घेऊन बाहेर आल्या. फॉल म्हणजे साडीच्या खालच्या काठाला आतून शिवतात ती पट्टी. भाभी थेट घराच्या पायरीवर गेल्या. दुपारचं ऊन लख्ख होतं. "अहो, जरा बाहेर या."

भाऊ आले. भाभींनी दोन्ही हातांवर एकेक फॉल पसरला.

"काय आहेत?"

"फॉल आहेत. काळे. काय चाललंय हे?"

"दोन्ही काळे?"

भाऊंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. एक फॉल हातात घेतला, उन्हात धरला, बोटांत चोळला, दुसरा घेतला. मी भाभींकडे बघत होते. त्यांच्या उजव्या हातावरचा फॉल नेव्ही ब्लू होता, शाळेच्या गणवेशाचा असतो तसा. कुणालाही लांबून दिसावा असा.

"दोन्ही," भाऊ म्हणाले, पण आवाज खाली गेला होता.

"हा निळा आहे हो," भाभी म्हणाल्या.

भाऊंनी दोन्ही फॉल घडी करून भाभींना परत दिले. पायरीवर बसले. समोरून भाजीची गाडी गेली, ओळखीच्या कुणीतरी स्कूटरवरून "काय भाऊ!" म्हणून हात केला, त्याला त्यांनी हात केला. मग उठून चपला घातल्या आणि दुकानात गेले.

तो आठवडा घरात आवाज नव्हता. चौरंग कोपऱ्यात, वर टॉवेल टाकलेला. मी एकदा धीर करून दुकानात गेले. ते गल्ल्याजवळ नुसते बसून होते. मला बघून म्हणाले, "माझ्या वडिलांचा डोळा ऑपरेशननंतरच गेला, ताई. आत गेले तेव्हा धूसर दिसत होतं. बाहेर आले तेव्हा त्या डोळ्याने काहीच दिसेना. नंतर या इथेच बसायचे आणि पोत चाचपून साडी ओळखायचे. लोक वाहवा करायचे. मी शेजारी बसायचो ना, मला माहीत होतं त्यांना काय वाटायचं." मी म्हणाले, आता यंत्रं वेगळी आहेत, पद्धत वेगळी आहे. ते म्हणाले, "असेल. पण माणूस तोच आहे ना, घाबरणारा."

रविवार आला. नेहमीच्या वेळेला फोन वाजला, वाजत राहिला. भाऊ आतल्या खोलीत पडून होते. शेवटी भाभींनी फोन उचलून स्पीकरवर टाकला आणि नानांना सरळ सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, नाना गप्प होतील. ते इतके मोठ्याने हसले की आतल्या खोलीत ऐकू गेलं.

"वहिनी, त्याले फोन द्या! अरे भो! मना दोन्ही डोयासना ऑपरेशन करी टाकात! आते बठ्ठं चकाचक दिखस!"

आतून आवाज आला, "कधी?"

"मागला सालले!"

भाऊ दारात आले. केस विस्कटलेले, चष्मा नाही. "मागल्या साली? म्हणजे तू जिंकायला लागलास तेव्हापासून?"

"म्हनीसन तं तू हारी राहिना, भो! माले वाटनं तुले म्हातारपण उनं!"

भाऊ फोनजवळ आले. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आठवडाभराची भीती बाजूला ढकलून तिथे निखळ संताप आला होता. "हरामखोरा! डोळे बदलून खेळतोयस आणि मला सांगितलं नाहीस?" मग आमच्याकडे वळून म्हणाले, "उद्या कुठल्या डॉक्टरकडे जायचं? सकाळचीच वेळ घ्या."

सोमवारी सकाळी आम्ही तिघं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता, चांगला पिकून पिवळसर झालेला. डॉक्टरांनी सांगितलं, या पिवळ्या काचेतून निळा आत येतच नाही. भाऊ मला कोपराने ढोसून म्हणाले, "बघा. फॉल्ट चौरंगात नव्हता. चष्म्याच्याही आत होता." आधी उजवा डोळा करायचं ठरलं. ऑपरेशनच्या दिवशी त्यांनी भाभींचा हात इतका घट्ट धरला होता की नर्सला बोटं एकेक करून सोडवावी लागली. आत जाताना वळून मला म्हणाले, "चिंतामणीचा आकडा बदलू नका. आल्यावर मीच बघतो."

पट्टी निघाली त्या दुपारी ते घरी आले आणि चपला न काढताच थेट दिवाणखान्यात गेले. मी चौरंगावरचा टॉवेल काढला, बटणं लावली. भाऊ एक पाऊल मागे सरकले.

"अरे बाप रे! हे कुणी लावलं? बंद करा, बंद करा! अशी साडी नेसून बाई बाहेर पडली तर ट्रॅफिक थांबेल!"

मी हसत हसत निळा उतरवायला लागले. "अजून. अजून. थांबा. हां." चिंतामणी जागेवर आला होता. मग त्यांना खेळच सापडला. डावा डोळा मिटायचा, बघायचं, "चिंतामणी." उजवा मिटायचा, बघायचं, "राख." चिंतामणी, राख, चिंतामणी, राख. पुढचे कितीतरी दिवस ते हेच करत होते. दुकानातल्या कप्प्यांसमोर, गिऱ्हाइकांसमोर, एकदा तर भाभींना घराच्या अंगणात उन्हात उभं करून. "ही साडी जांभळी आहे? आणि तू मला सांगितलं नाहीस?" भाभी म्हणाल्या, "तुम्हीच आणली होती." एका बाईने दुकानात, हे काय डोळा मारतात म्हणून तक्रार केली, तर तिलाही त्यांनी पायरीवर नेऊन सगळी हकिगत सांगितली आणि तिच्या सासूचे डोळे उद्याच तपासून घ्यायला लावले.

डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं तशी भाऊंनी धुळ्याची तारीख ठरवून टाकली. भाडेकरू म्हणून मला येणं भागच होतं. भाड्याच्या गाडीत पुढे ड्रायव्हरशेजारी भाऊ, मागच्या सीटवर मी, भाभी आणि आमच्या दोघींच्या मांडीवर उलटा चौरंग. एरंडोल ओलांडलं, पारोळा ओलांडलं, भाऊ सगळा रस्ताभर उजव्या डोळ्याने खिडकीतून रंग मोजत होते. "कपाशी. निळा ट्रॅक्टर. हा खरा निळा. तो फलक फिक्कट छापलाय." एका मोठ्या खड्ड्यात गाडी आदळली आणि चौरंगातून काहीतरी टक् वाजलं. मी मीटर पर्समध्येच ठेवला होता. धुळ्याला पोचेपर्यंत मांडीवरच सगळे जोड तपासले. पोपटी बटणाची एक पिन निसटली होती. ती मी दाबून बसवली आणि मीटर टी करून वाजला. पुढून भाऊ ओरडले, "वाजलं!"

नाना गोदामाच्या दारातच उभे होते. आडवातिडवा देह, डोक्यावर टोपी, आणि हसायला लागले की सगळं अंग हलतं. ट्रॅक्टरच्या टायरांच्या राशींमध्ये त्यांनी गालिचा अंथरला होता, टीव्ही लावला होता, आणि गोदामातली सगळी माणसं काम टाकून टायरांवर चढून बसली होती. नानांची पेटी पत्र्याची, बटणं साधी काळी. त्यांनी भाऊंचा चौरंग बघितला, आठही रंग बघितले, आणि न राहवून पोपटीवरून एकदा बोट फिरवलं.

सामना सुरू झाला. पहिली फेरी भाऊंची. काय खेळले! हात रंगावर पडत होता, अंदाजाने नाही. "हे बघा, हा काठ बघा, अजून दाखवू?" पैलवान उचलत होता, आपटत होता. टायरांवरची माणसं आरडाओरडा करत होती. दुसरी फेरी नानांनी मारली, अगदी थोडक्यात. तिसऱ्या फेरीला जो जिंकेल त्याचं वर्ष. भाभी पदराचं टोक दातात धरून बसल्या होत्या. मी उभीच होते, बसायचं सुचलंच नाही.

तिसऱ्या फेरीला खेळाने वेगळी जागा दिली. एक धक्का, मागे नांगरलेल्या होड्या, मागे समुद्र. भाऊंनी सुरुवातच जोरात केली. नाना मागे हटत गेले, कोपऱ्यात आले. त्यांच्या गड्यात एका फटक्याचा जीव उरला होता. भाऊंनी दांडी पूर्ण फिरवली. राणी. राणी.

आणि हात थांबला.

भाऊ टीव्हीकडे बघत होते, पण पैलवानाकडे नाही. त्याच्या मागे बघत होते. भाभींनी हाक मारली. नाना ओरडले, "खेय ना भो!" आणि भाऊ खेळले नाहीत, म्हणून नानांच्या गड्याने सवयीने फटका मारला. मग दुसरा. मग तिसरा. पैलवान आडवा झाला. टायरांवरून एकच ओरडा उठला आणि तसाच थांबला, कारण नाना हसत नव्हते. ते भाऊंकडे बघत होते.

"काय व्हयनं? डोया दुखस का?"

भाऊंनी मान हलवली. "नाना, हा समुद्र निळा आहे."

"मंग? समुद्र निळाच ऱ्हास."

"इतकी वर्षं मला वाटायचं, ही गटाराकाठची जागा आहे." त्यांनी दांडी सोडून बोट टीव्हीवर नेलं. "बघ ना, लांबचा वेगळा निळा, जवळचा वेगळा. आणि वर आभाळ आहे, त्याच्या कडेला जांभळी रेघ आहे. तू मला कधी बोलला नाहीस."

नाना टीव्हीकडे वळले. मग त्यांनी आपली पेटी मांडीवर ओढली, बटणं दाबून जागांची यादी काढली आणि विचारलं, "दुसरी दाखाडू?"

दुसरी दाखवली. बाजार होता, दिव्यांच्या माळांचा. मग बर्फाचा डोंगर. मग संध्याकाळचा रेल्वेचा पूल. दोन म्हातारे गालिच्यावर मांडी घालून शेजारी शेजारी बसले, आणि टीव्हीत त्यांचे दोन गडी प्रत्येक ठिकाणी हात खाली सोडून नुसते उभे राहिले. टायरांवरची माणसं कंटाळली, उतरून कामाला लागली. भाभींनी डबा उघडला. नानांनी शेवटी वैतागल्याचं सोंग केलं.

"अरे भो, आठे लोके मारामारी कराले येतस!"

"करू ना," भाऊ म्हणाले, डोळे टीव्हीवरून न काढता. "दुसरा डोळा झाला की करू. आता ती होड्यांवाली परत लाव."